टकली जागा

माझा मेहुणा, म्हणजे माझ्या बायकोचा पाठचा भाऊ, एका मोठ्या शाळेच्या मैदानावर कामाला होता. एकतीस वर्षं त्याने ते एकच मैदान राखलं. पोरं त्याला सपाटमामा म्हणायची. ते नाव असं चिकटलं की पुढे शिक्षकही तसंच म्हणायला लागले, आणि एकदा तर हजेरीची नवी वही करताना कारकुनाने पेन हवेतच धरून विचारलं, "मामा, तुमचं खरं नाव काय हो?"

नाव काही चुकीचं नव्हतं. त्याला उंचसखल बघवतच नसे. आमच्या घरी आला की आधी अंगणात उभा राहायचा, डोळे बारीक करून बघायचा, चपलेच्या टाचेने एखादा उंचवटा दाबायचा आणि मगच आत यायचा. चहा येईपर्यंत टेबलावरचं कापड चारी बाजूंनी ओढून सरळ करायचा. एकदा माझ्या गादीवर बसला आणि म्हणाला, दाजी, ही डाव्या अंगाला बसलीय. मी म्हणालो, डाव्या अंगाला तुझी बहीण झोपते, तिला सांग. बहीण आतून ऐकतेय हे मला कुठे ठाऊक. त्या दिवशी चहा बिनसाखरेचा आला, दोघांनाही.

त्याचं काम म्हणजे पाणी, ऊन आणि रोलर. मातीला पाणी पाजायचं, ते किती पाजायचं हे पायाच्या अंगठ्याने कळतं म्हणायचा. मग वरची ओल उडेपर्यंत थांबायचं. मग रोलर. पुन्हा पाणी. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, पण माझी हयात शेतात गेली. माती म्हणजे भुसभुशीत हवी, एवढंच मला माहीत. आणि हा शहाणा तीच माती दगडासारखी करायला धडपडायचा. आम्ही दोघं बोलायला बसलो की बायको म्हणायची, एक उकरतो आणि एक बुजवतो, चांगली जोडी जमलीय.

तर ते मैदान. त्याच्या एका कडेला शाळेची लांब इमारत, दुसऱ्या कडेला तारेचं कुंपण, आणि कुंपणाच्या कोपऱ्यात ह्याची दीड खोलीची क्वार्टर. क्वार्टर आणि इमारतीच्या मध्ये एक उतार होता. असेल वीस पावलं लांब आणि सात-आठ पावलं रुंद. कडक, पिवळसर, उघडी माती. गवताचं पातं नाही. दिवसभर ऊन. वर्षानुवर्षं त्याने हात लावला नाही अशी मैदानावरची ती एकच जागा, आणि हात लावला नाही तो बायकोच्या धाकाने.

त्याची बायको काटक आणि बोलायला तिखट. क्वार्टर ओल धरायची, म्हणून थंडीच्या दिवसांत ती लाकडी स्टूल घेऊन त्या उतारावर जाऊन बसायची, उन्हाकडे पाठ करून. भाजी निवडायची, कपडे शिवायची. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. थंडी संपत आली होती. तिला मातीत भोकं दिसली. पेन्सिल जाईल एवढी, आणि प्रत्येक भोकाभोवती ताज्या मातीची रवाळ कडी. तिला वाटलं मुंग्या. मग एका भोकातून एक तोंड बाहेर आलं, तिच्याकडे बघितलं आणि परत आत गेलं. ती म्हणायची, मला बघून दार लावून घेतलं मेलीने.

त्या माश्या होत्या. मधमाशीपेक्षा अंगाने लहान, छातीवर तपकिरी लव, पाठीमागे काळं अंग आणि त्यावर फिकट बारीक पट्टे. पोळं नाही, राणी नाही, मध नाही. प्रत्येकीचं भोक वेगळं, प्रत्येकीची चूल वेगळी. शेजारी शेजारी शंभर-दोनशे घरं, पण कुणी कुणाच्या दारात जाणार नाही. पहिले दोन-चार दिवस नुसते नर बाहेर यायचे आणि जमिनीलगत घिरट्या घालायचे, लग्नाला आलेल्या बिनकामाच्या पाहुण्यांसारखे. मग माद्या यायच्या, आणि कामाला लागायच्या त्या माद्याच. कुंपणाच्या कडेला रानटी पिवळी फुलं यायची, त्यांच्यावर जायच्या, मागच्या पायांना पराग थापून परत यायच्या, आणि नेमक्या आपल्याच भोकात उतरायच्या. तीन-चार आठवडे हे चालायचं. मग भोकं बुजायची, जमीन पुन्हा कोरडी ठणठणीत, आणि पुढचे अकरा महिने वरून बघणाऱ्याला वाटेल की इथे काही नाहीच.

मी पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा शेतकऱ्याने विचारावा तो प्रश्न विचारला. मध किती निघतो? ती म्हणाली, तुमच्या मेहुण्याच्या अंगातून घाम निघतो तेवढाही नाही. मग ह्यांचा उपयोग काय? तर तिने मला क्वार्टरच्या मागे नेलं. तिथे तिने टोमॅटो लावले होते. म्हणाली, गप उभे राहा. एक माशी आली, फुलाला खालून लटकली, आणि पंख न हलवता नुसतं अंग थरथरवलं. असा बारीक आवाज आला, शिवणयंत्राचा येतो तसा. फुलातून पिठासारखा पराग तिच्या पोटावर सांडला. ती म्हणाली, मधाच्या माशीला ही युक्ती येत नाही, ती नुसती भोवती फिरून जाते, ह्या येतात म्हणून माझे टोमॅटो तुमच्या ताटात येतात. मी सांगतो, तसे टोमॅटो मी माझ्या शेतात कधी काढले नाहीत. अर्थात हे मी तिला सांगितलं नाही. बायकांना सगळंच सांगायचं नसतं.

आणि ह्या माश्या बारा वाजेपर्यंतच काम करायच्या. ऊन डोक्यावर आलं की एकेक करून घरात, आणि मग दुसऱ्या दिवसापर्यंत तोंड दाखवणं नाही. मेहुणा म्हणायचा, शाळेतल्या कारकुनापेक्षा बरं चाललंय यांचं.

आता मेहुण्याची अडचण ध्यानात घ्या. सगळं मैदान आरशासारखं, आणि दाराजवळच ही उघडी, भोकाभोकांची जागा. त्याचे हात शिवशिवायचे. एका वर्षी त्याने बायको माहेरी गेलेली बघून रोलर तिकडे वळवला. नशिबाने ती एक दिवस आधी परत आली. रोलरच्या वाटेत स्टूल ठेवलं, त्यावर बसली आणि म्हणाली, "तुमच्या डोक्यावर काही उगवत नाही, मी कधी बोलले? मग या जागेलाही बोलू नका. टकली आहे, टकलीच राहू दे. हात लावायचा नाही."

त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि रोलर मागे ओढला. तेव्हापासून त्या उताराचं नाव टकली जागा.

ती गेली त्याला आता बारा वर्षं होतील. दोन महिने अंथरुणाला होती. शेवटच्या आठवड्यात तिला स्टुलावर बसवत नव्हतं, म्हणून ह्याने खाट ओढत उतारावर नेली, चारी पायांखाली विटांचे तुकडे घालून ती अगदी सपाट केली, आणि तिला तिथे निजवलं. माश्या निघायला अजून पंधरा दिवस होते. तिला ते बघायला मिळालं नाही. मूलबाळ नव्हतं. मागे राहिला हा, ते स्टूल आणि ती वीस पावलांची माती.

त्यानंतर दरवर्षी थंडी सरली की आमच्या घरी त्याचा फोन यायचा. माझी बायको त्या आठवड्यात फोन हाताशी ठेवायची, पीठ मळतानासुद्धा. तो दोनच शब्द बोलायचा, "ताई, निघाल्या." ही म्हणायची, बरं झालं. फोन ठेवला की ही पदराने डोळे पुसायची, आणि मी विचारलं की म्हणायची, पीठ गेलं डोळ्यात.

तर अशी सहा वर्षं गेली. सातव्या वर्षी शाळेने ठरवलं की इमारतीच्या बाजूची सगळी उघडी जमीन झाकायची, पेव्हर ब्लॉक बसवायचे. धूळ वर्गात जाते, पालक नावं ठेवतात, आणि आल्यागेल्याला पहिली दिसते ती ही टक्कल पडलेली जागा. मेहुणा मुख्याध्यापिकेकडे गेला. तिला सगळे मोठ्या बाई म्हणत. इतक्या वर्षांत तो तिच्या खोलीत तीनदा गेला असेल, तेही चावी द्यायला. त्याने माश्यांचं सांगितलं. बायकोचं सांगितलं की नाही ते मला माहीत नाही, त्याने मला कधी बोलून दाखवलं नाही.

मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मामा, उघडी माती मला ठेवता येणार नाही. पण तुम्ही तिथे बाग करत असाल, चांगली फुलांची, तर मी तेवढा भाग ब्लॉकमधून सोडायला सांगते. आणि तुमच्या माश्यांनाही फुलं मिळतील की.

तो तसाच उठून थेट आमच्याकडे आला. मी त्याला इतका खूश कधी पाहिला नव्हता. अंगणातले उंचवटे न दाबता घरात शिरला. म्हणाला, "दाजी, जागा वाचली. आता खत बघा."

खत मीच बघितलं, हे इथे सांगून टाकतो. माझ्या एका सोबत्याच्या गोठ्यामागे तीन वर्षांचं कुजलेलं शेणखत होतं. काळंभोर, हातात घेतलं तर चहाच्या पुडीसारखं. बारा पोती टेम्पोत घालून मी स्वतः पुढे बसून गेलो, खताचा वास सगळ्या शहराला देत. मला किती अभिमान वाटला होता म्हणून सांगू. आयुष्यभर ज्याने माती दाबली तो आज माझ्याकडून माती उकरायला शिकतोय. थंडीची सुरुवात होती. आम्ही दोघांनी फावडी घेतली आणि तो उतार हातभर खोल खणून काढला.

माती निघत नव्हती इतकी कडक. ढेकळं फुटायची तशी आतून लहान लहान कुप्या निघायच्या. घेवड्याच्या दाण्याएवढ्या, मातीच्याच, पण आतून मेण घासल्यासारख्या चकचकीत. फावड्याने बऱ्याच फुटल्या. एक अख्खी त्याच्या हातात आली आणि त्याने नखाने उघडली. आत माशी होती. पूर्ण झालेली, लव आलेली, पंख अंगाला चिकटवून निजलेली. ऊन लागलं तसा तिने एक पाय हलवला.

तो म्हणाला, ह्याच त्या. मी म्हणालो, मग ठेव परत, खाली ठेव नीट. त्याने एवढंसं भोक केलं, तिला त्यात ठेवलं, वरून मऊ खत घातलं, आणि त्यावर झारीने पाणी घातलं. अगदी हळू, झारीच्या तोंडाला बोटं लावून, जोर नको म्हणून. मग पुढच्या कुप्याही जेवढ्या अख्ख्या मिळाल्या तेवढ्या तशाच पुरल्या. दुपारपर्यंत आम्ही दोघं म्हातारे गुडघ्यांवर बसून हेच करत होतो. तो म्हणाला, आमच्या हिला आवडलं असतं. मी म्हणालो, हो.

मग वरून पेंढ्याचा थर दिला, ओल टिकावी म्हणून. रोपं लावली. सकाळ-संध्याकाळ पाणी. आणि काय बाग झाली. लाल, केशरी, गुलाबी, हाताच्या पंज्याएवढी फुलं, सूर्यफुलं तर खिडकीला टेकलेली. फुलपाखरं आली. कुणाच्या तरी पेट्यांतल्या मधमाश्या आल्या. शाळांच्या बागांची स्पर्धा झाली त्यात पहिला नंबर आला, आणि मेहुण्याचा फोटो काढला. फोटोत तो कॅमेऱ्याकडे बघत नाहीये, खाली पायाशी बघतोय.

कारण थंडी सरली होती आणि फोन आला नव्हता. माझी बायको रोज म्हणायची, यंदा उशीर झालाय. मी म्हणायचो, खतामुळे झोप लागली असेल चांगली, गादी मऊ आहे. ती हसली नाही. मग तीन आठवड्यांनी फोन आला. "ताई," तो म्हणाला, "अकरा."

हिला कळलं नाही. अकरा काय? तर अकरा माश्या. त्याने एकेक मोजली होती. शंभर-दोनशे घरांपैकी अकरा जणी पेंढ्यातून वर आल्या. फुलं समोर होती, त्यांच्यावर बसल्या, पराग घेतला, आणि मग तो घेऊन त्या बागेवर नुसत्या फिरत राहिल्या. पानावर उतरायच्या, पेंढ्यात चालायच्या, पुन्हा उडायच्या. बाराच्या सुमाराला कुठे गेल्या कळलं नाही. चार दिवसांत एकही उरली नाही. मी त्याला सांगितलं, पहिलं वर्ष आहे, मुळं धरू देत, पुढच्या वर्षी बघ. शेतकरी माणसाला पुढचं वर्ष तोंडात तयारच असतं. आणि त्याने माझं ऐकलं. बागेला आणखी जपलं, आणखी पेंढा घातला, आणखी पाणी.

पुढच्या वर्षी एक आली.

त्याच सुमाराला शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या होत्या, तरुण, चष्मेवाल्या. मेहुणा बागेत उकिडवा बसून त्या एका माशीकडे बघतोय हे पाहून त्याही शेजारी उकिडव्या बसल्या. त्याने सगळं सांगितलं. त्यांनी पेंढा उचलून खालची ओली माती बोटाने चाचपली. मग म्हणाल्या की फुलं तर ह्यांना लागतातच, पण ती थोडी दूर असली तरी चालतात, उडत जातात त्या. घराला मात्र उघडी माती लागते. कडक, कोरडी, उन्हाने तापणारी. खणलेल्या ओल्या मातीत पिल्लांना बुरशी येते आणि पेंढ्यातून खाली जायला वाट सापडत नाही. जागा आधी होती तशीच हवी होती, मामा.

त्याने विचारलं, "टकली?"

बाईंना त्याचा अर्थ कळला नसेल. त्या म्हणाल्या, हो, तसंच म्हणा.

हे त्याने मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो क्वार्टरच्या पायरीवर बसला होता. म्हणाला, आमच्या हिला शाळेत कुणी घातलं नव्हतं, दाजी. हिला कुणी सांगितलं नव्हतं. हिने नुसतं बसून बघितलं. मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. बारा पोती माझी होती.

ती एक माशी अजून होती. त्याने एका जागची रोपं उपटली, पेंढा बाजूला केला, खत हाताने खरवडलं आणि खालची जुनी पिवळी माती उघडी केली, ताटाएवढी. तळव्याने थापून थापून कडक केली. शेजारच्या झाडांची सावली पडू नये म्हणून सूर्यफुलं कापली. दोन दिवस ती माशी तिथे यायची, उतरायची, पुढच्या पायांनी थोडी माती उकरायची आणि थांबायची. बोटाच्या पेराएवढं भोक झालं होतं. त्याने माझ्या हातात छत्री दिली आणि सांगितलं, दाजी, मैदानाकडून चेंडू आला तर अडवा. मी, अडुसष्ट वर्षांचा माणूस, बंद छत्री घेऊन एका माशीच्या दारात पहारा देत उभा राहिलो. पोरांना हसू आवरत नव्हतं. मलाही आलं असतं, पण मेहुण्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती आली नाही. चौथ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी त्याने सगळी बाग उपटली.

मी तिथे नव्हतो, शिपायाने सांगितलं. सकाळची प्रार्थना चालू असताना त्याने रोपं उपटायला सुरुवात केली. पहिल्या नंबरची बाग, खिडक्यांतून सगळे वर्ग बघतायत. रोपं, पेंढा, खत, सगळं घमेल्यात भरून कुंपणापाशी नेऊन टाकलं. मग खालची जुनी माती पसरली, पाणी मारलं, ओल उडेपर्यंत पायरीवर बसून राहिला, आणि मग रोलर आणला. बायको असताना एकदाच त्या जागेकडे वळला होता आणि परत फिरला होता, तो रोलर त्या दिवशी त्याने तिथे पूर्ण फिरवला. त्याला वाटलं, कडक हवी ना, मग कडक करून देतो. दुसरं काही त्याला येतच नव्हतं.

मोठ्या बाईंनी त्याला बोलावलं. रागावल्या नाहीत म्हणे, नुसतं विचारलं, मामा, तुम्हाला बरं वाटत नाहीये का? बाग होती म्हणून जागा सोडली होती. आता मी काय सांगू वरच्यांना? विज्ञानाच्या बाईंनीही त्याच्यासाठी शब्द टाकला, कागद लिहून दिला. पण उघडी माती ठेवा असा अर्ज कोण मंजूर करणार. पंधरा दिवसांत ब्लॉक आले. आधी खडी, मग वाळू, मग ब्लॉक. आणि जमीन ब्लॉकसाठी एकसारखी करून द्यायचं काम कुणाकडे असणार? मैदानावर रोलर एकाकडेच होता. त्याने ती करून दिली. ब्लॉक बसवणारा म्हणाला, एवढी सरळ जमीन मी बघितली नाही, पाण्याची पातळी लावून बघायची गरजच नाही.

त्याच वर्षी तो निवृत्त झाला. क्वार्टर सोडली. शाळेपासून दोन गल्ल्यांवर पहिल्या मजल्यावर एक खोली घेतली. खोलीत एक खाट, एक टेबल, आणि बायकोचं स्टूल. खोली छान सपाट आहे म्हणाला, एवढंच कौतुक.

त्याने बाकी जागा शोधल्या नाहीत असं नाही. थंडी सरत आली की पाण्याची बाटली घेऊन निघायचा. नाल्याच्या कडा, जुन्या भिंतींची मागची बाजू, गावाबाहेरची टेकडी. कुठे गवत, कुठे काँक्रीट, कुठे कुणीतरी कचरा टाकलेला. भोकं दिसली की बसायचा, तासभर वाट बघायचा, आणि आतून मुंगी निघायची. मग शोधणं सोडलं. आता नुसता शाळेत जातो, त्या तीन-चार आठवड्यांत. नवा पहारेकरी त्याला ओळखतो, आत सोडतो. स्टूल बरोबर नेतो, ब्लॉकवर ठेवून बसतो, आणि दोन ब्लॉकच्या मधल्या वाळूच्या फटींकडे बघत राहतो. बारा वाजले की उठतो.

गेल्या वर्षी त्या दिवसांत मी त्याला भेटायला गेलो. बायकोचे गुडघे दुखत होते म्हणून ती आली नाही. निघताना म्हणाली, काहीतरी चांगलं बोला त्याच्याशी, तुम्हाला येतं ना. येतं म्हणजे काय. गावात कुणाच्या घरी पाहुणे आले की मला बोलावणं यायचं गोष्टी सांगायला. लहान साप माझ्या गोष्टीत सहा फुटांचा व्हायचा, आणि कुणाची तक्रार नसायची.

तो शाळेतून आला होता. चहा केला. मी इकडचं तिकडचं बोललो, बहिणीचे गुडघे, माझे दात. तो हो हो करत होता. मग मी म्हणालो, अरे, एक सांगायचं राहिलं. आपल्या परसात परवा एक माशी बघितली. तशीच. तपकिरी लव, काळं अंग, फिकट पट्टे. टोमॅटोच्या फुलाला खालून लटकली होती, आणि आवाज, अगदी शिवणयंत्र.

त्याचा कप हातातच राहिला. मी पाहिलं, त्याच्या डोळ्यांत काहीतरी आलं. मला बरं वाटलं आणि मी आणखी भर घातली. पायांना पराग लागलेला होता, कुंपणापलीकडे गेली, तिकडे उघडी माती आहे.

"किती वाजता दिसली, दाजी?"

"संध्याकाळी. पाच-साडेपाच असतील."

त्याने कप खाली ठेवला. टेबलावरच्या कापडाला एक सुरकुती होती, ती बोटाने कडेपर्यंत नेली. "असेल," तो म्हणाला. "ताईला सांगा, टोमॅटोला पाणी बेताने घाल म्हणावं."

मी बसस्टॉपवर पोचलो तेव्हा माझ्या लक्षात आलं. बारानंतर त्या दिसत नाहीत. हे मलाच त्याने तीस वर्षांपूर्वी सांगितलं होतं, आणि मी त्यावर हसलो होतो.

घरी आलो. बायको दारातच होती, गुडघ्याला गरम पिशवी धरून. काय म्हणाला, विचारलं तिने. मी म्हणालो, बरा आहे. म्हणाला, ताईला सांगा, टोमॅटोला पाणी बेताने घाल.

तिने पिशवी गुडघ्यावरून काढली.

"आपल्याकडे टोमॅटो कुठे आहेत?" ती म्हणाली. "मी गेल्या महिन्यातच सांगितलं होतं त्याला, यंदा लावले नाहीत म्हणून."